ट्रेलरच्या ब्रेकची तपासणी

नवऱ्याच्या बँकेने त्याचा अख्खा विभाग बंद केला, तेव्हा मला वाटलं, थोडे महिने घरी बसेल आणि मग दुसऱ्या बँकेत जाईल. त्याऐवजी त्याने सेकंडहँड पिकअप ट्रक आणला आणि त्याच्यामागे जोडायला एक ट्रेलर. शनिवार-रविवार ईस्ट कोस्टच्या समुद्रकिनाऱ्यावर शिडाची बोट चालवायला शिकता शिकता त्याच्या डोक्याने घेतलं होतं, की लोकांच्या बोटी दुरुस्तीला नेऊन-आणून द्यायच्या. इतकी वर्षं टाय लावून फिरलेला माणूस सेरंगूनच्या आमच्या फ्लॅटमध्ये ग्रीसचे हात घेऊन यायला लागला. लिफ्टमध्ये शेजारी त्याच्याकडे बघायचे आणि मी मजल्यांच्या आकड्यांकडे. पण त्याला इतकं खूश मी कधीच पाहिलं नव्हतं.

मग एक्स्प्रेसवेवरची ती दुपार. ट्रेलरवर बोट होती, मी शेजारी बसले होते. बाजूने एक मोठी लॉरी सुसाट गेली आणि आमचा ट्रेलर डोलायला लागला. डावीकडे, उजवीकडे, मग ट्रकही त्याच्याबरोबर. याने घाबरून ब्रेक दाबला तर झोके आणखी वाढले. कसेबसे कडेला लागलो. कुणाला साधं खरचटलंही नाही, पण ट्रक थांबल्यावरही मी दोन्ही हातांनी सीट धरून होते.

"हा ट्रक विकायचा," मी घरी येऊन म्हणाले.

त्यावर तो जे बोलला त्याने माझा पारा आणखी चढला. म्हणे ट्रेलरच्या चाकांना स्वतःचे ब्रेक आहेत, विजेवर चालणारे. फक्त ते चालवणारा कंट्रोलर आपल्या ट्रकमध्ये नाही. तो बसवला की ट्रकबरोबर ट्रेलरही थांबतो. शिवाय त्याला एक खटका असतो. ट्रेलर डोलायला लागला तर तेवढा सरकवायचा, एकट्या ट्रेलरचे ब्रेक लागतात आणि तो सरळ होतो.

"आणि हे माहीत असून तू मला त्यात बसवलंस?"

"छोटी बोट आहे, चालेल असं वाटलं गं."

आठवडाभर मी त्याच्याशी कामापुरतं बोलत होते. तोडगा काढला तो मुलीने. मी बँकेत ऑडिटला आहे. "आई, यू ऑडिट एव्हरीबडी व्हॉट, सो ऑडिट बाबा लाह," ती कानातले इअरफोनही न काढता इथल्या लाह-वाल्या इंग्रजीत म्हणाली.

तसंही आमच्याकडे बँकेतलं मेकर-चेकर घरात आलेलंच आहे. एकाने करायचं, दुसऱ्याने तपासायचं. विमानाची तिकिटं तो काढतो, पैसे भरण्याआधी तारखा मी बघते. आमटी मी करते, मीठ तो बघतो.

"मी कंट्रोलर बसवतो, तू तपास," तो म्हणाला. "तू नाही म्हणालीस तर विकतो ट्रक."

"मी नाहीच म्हणणार आहे."

"चालेल. पण तपासून म्हण."

हौगांगला एका चिनी अंकलचं गॅरेज आहे, त्यांनी त्याला एक कोपरा दिला. कंट्रोलर म्हणजे साबणाच्या डबीएवढी वस्तू. सोबतची चित्रं अमेरिकन ट्रकची, म्हणजे स्टिअरिंग डावीकडे. इथे सगळं उलटं धरून त्याने ती डबी स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला बसवली. मग डॅशबोर्डखाली डोकं घालून वायरी जोडल्या. मी गेले तेव्हा त्याचे फक्त पाय दिसत होते.

मी पेडल दाबलं. डबीवरचा दिवा लागला. सोडलं, विझला. तो हसला. एवढ्यावर मान डोलावली असती तर माझी नोकरी कधीच गेली असती. मी इंडिकेटर लावले, वायपर लावले, मग हेडलाइट. हेडलाइट लावल्याबरोबर, पेडलला पायही न लावता, डबीवरचा दिवा मिणमिणायला लागला.

"फेल," मी म्हणाले.

त्याने शोधलं. जी वायर थेट बॅटरीपर्यंत न्यायची ती त्याने जवळच्या एका गंजक्या स्क्रूखाली उरकली होती, आणि तिथेच दिव्यांचीही वायर होती. अंधारून आलं म्हणून दिवे लावले असते आणि ट्रेलरने आपसूक ब्रेक मारला असता तर? मी जिंकले होते. आता तो वाद घालील म्हणून मी तयारीत होते. आमटीत मीठ कमी की जास्त यावरसुद्धा हा माणूस वाद घालतो.

"बरं झालं तू बघितलंस," एवढंच म्हणून तो पुन्हा डॅशबोर्डखाली आडवा झाला. मला वाईट वाटलं. हे काम त्याला किती हवं होतं ते मला तेव्हा कळलं.

वायर बॅटरीपर्यंत गेली आणि दिवे लावून मी पुन्हा तपासलं, त्यानंतरची शेवटची चाचणी बोटींच्या यार्डात होती, मालकाला विचारून, रिकाम्या सिमेंटच्या पट्ट्यावर. ट्रेलरची चाकं अडकत नाहीत ना, हे बाहेरून कुणीतरी बघायला हवं. त्याने किल्ली माझ्या हातात दिली.

"मी? ट्रेलर घेऊन?"

"ज्याने बसवलं त्याने टेस्ट नाही करायची. तुमचाच नियम."

ट्रक मी हळूहळू वेगात आणला, पाय पेडलवरून काढले आणि डाव्या हाताने खटका सरकवला. मागून कुणी ओढणी धरावी तसा ट्रक मंदावला आणि रेषेत थांबला. दुसऱ्या फेरीला डबीवर ब्रेकचा जोर वाढवला, तर ट्रेलरची चाकं अडकून घासत गेली आणि बाहेरून बघणारा तो दोन्ही हात वर करून ओरडला. जोर थोडा कमी केला. मग पुन्हा, आणि पुन्हा. दर वेळी ट्रेलर सरळ उभा राहिला. भीती गेली असं नाही. पण त्या दुपारी मी नुसती सीट धरून बसले होते, आणि आता माझ्या हातात खटका होता.

तो धापा टाकत खिडकीशी आला. कपाळावर घाम, शर्ट पाठीला चिकटलेला.

"विकू?" त्याने विचारलं.

"बोट चढव. वजनासकट बघायला हवं."

तो पटकन मागे वळला. यार्डातल्या लोकांना हाताशी घेऊन त्याने बोट चढवली, पट्टे आवळले, मी सांगायच्या आत स्वतःच ते दोनदा ओढून पाहिले. मग हात पुसत माझ्या बाजूला आला आणि चालवायला बसायचं म्हणून दार उघडलं.

मी बेल्ट सोडलाच नव्हता.

"तिकडून बस," मी डावीकडची सीट दाखवली.

तो ट्रकला वळसा घालून आला, बसला आणि बसल्या बसल्या दोन्ही हातांनी दारावरचं हँडल घट्ट धरलं.