तळच्या गाळातले जीव

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगायला बसलो की मी दुसऱ्याच कुठल्या गोष्टीवर जातो — कारखान्यावर, साहेबांवर, त्या काळावर. आजही तसंच होईल कदाचित. तरी सांगतो.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. कुंभिवलीच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून रसायनांचा एक कारखाना होता. मी कडावचा, घरची भातशेती. बी.एस्सी. झालो आणि तिथल्या प्रयोगशाळेत लागलो. माझ्याबरोबर सुमन होती, कळंबची. तिच्या वडिलांनी छप्पन सालानंतर बौद्ध धम्म घेतला होता, आणि पोरीला शिकवायचंच हा हट्टही त्यांचाच. माझा विषय रसायन, तिचा प्राणिशास्त्र. सूक्ष्मदर्शकावर तिची नजर माझ्यापेक्षा चांगली होती. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

कारखान्यातून काळा, चिकट चोथा निघायचा. तो पिंपांत भरून मागच्या आवारात ठेवलेला असे. आवार भरलं तेव्हा वरच्यांनी ठरवलं — पिंपं बार्जवरून, म्हणजे सपाट मालवाहू बोटीवरून, खोल समुद्रात नेऊन बुडवायची. त्याला परवानगी हवी होती, आणि परवानगीसाठी तिथल्या तळाच्या गाळात काही जिवंत आहे का, हे लिहून द्यायचं होतं. एका बोटीनं तो गाळ काढला आणि बरण्यांत भरून आमच्याकडे पाठवला.

इतक्या खोल काय असणार, असंच तुम्हाला वाटेल ना? मलाही वाटलं होतं. अंधार, गारठा, प्राणवायू नावापुरता. आमच्या प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, "काही सापडायचं नाही. आठवड्यात उरका."

गाळ वर येताच बोटीवरच त्यात जीव कुजू नयेत म्हणून औषध आणि एक गुलाबी रंग घातलेला होता. जे जिवंत वर येतं तेच तो रंग घेतं. आधीच मेलेला शिंपला पांढरा राहतो. आम्ही गाळ बारीक चाळणीवर धुतला, उरलेलं बशीत घेतलं आणि सुमननं डोळा लावला. मग सरकून मला जागा दिली.

दोऱ्यासारखे किडे होते, गुलाबी. डोक्यापाशी कल्ल्यांचा झुपका, अंगाच्या मानानं फारच मोठा. मोहरीएवढे शिंपले, तेही गुलाबी.

"प्राणवायू कमी ना, म्हणून कल्ले एवढे," ती म्हणाली. "असेल तेवढा ओढून घ्यायचा. आणि खायला काय, तर वरून मरून पडेल तेवढंच. त्यावर हे जगतात, गाळ उकरतात, पालटतात. आपल्या खाचरातलं गांडूळ करतं तेच." थोड्या वेळानं म्हणाली, "खाचरातलं गांडूळ मेलं तर शेतकऱ्याला कळतं. यांच्यावर पिंप फुटलं तर कोणाला कळणार? परत वस्ती व्हायला किती वर्षं लागतील, कोणी बघितलंय?"

तिनं सगळं वहीत उतरवलं, आकृत्यांसकट. पुढचे चार दिवस मी तिच्या शेजारी बसून पाहत होतो. मला ते आवडत होतं — हेही सांगितलं पाहिजे. कळलं नव्हतं म्हणून केलं, असं मला म्हणता येत नाही.

मग मुंबईहून परवानगीचं काम बघणारे दोघं आले. साहेबांच्या खोलीत वही उघडली गेली. त्यांच्यातल्या एकानं सहज विचारलं, "हे नक्की तिथलेच? दुसरीकडचं काही मिसळलं नसेल?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या महिन्यात मला कायम करायचं चाललं होतं. कारण म्हणून नाही सांगत, घडलं तसं सांगतो.

त्याच चाळणीवर आम्ही तपासणीला येणारा खाडीचा गाळही धुवायचो, त्यालाही तोच रंग घालायचो. खाडीत किडे असतातच. मी म्हणालो, "चाळणी नीट धुतली गेली नसावी. सुमनबाईंकडे होतं ते काम."

चाळणी मी धुतली होती.

पण एवढंच नाही. एवढंच असतं तर भित्रेपणा म्हणून सोडून देता आलं असतं. तिच्यावर दुसरा कुठलाही ठपका ठेवला असता तर त्या खोलीत चार प्रश्न झाले असते. अस्वच्छतेचा ठेवला तर एकही होणार नाही, हे मला ठाऊक होतं. का, ते तुम्हाला सांगायला नको. मी ते खोटं पारखून घेतलं होतं.

सुमन उभी होती. ती म्हणाली, "चाळणी यांनी धुतली होती, साहेब. आणि नीट धुतली होती."

"बरं, बघू," साहेब म्हणाले. मला कोणी काही विचारलं नाही.

अहवालात 'जीव आढळले नाहीत' असं गेलं — अक्षर माझं. बरण्या मीच मागच्या गटारात ओतल्या. सुमनला पंधरा दिवसांत काढलं. दिवाळीनंतर निम्मी पिंपं ट्रकमधून धक्क्यावर गेली.

त्यानंतर एका रविवारी मी कळंबला गेलो. तिचे वडील ओट्यावर कोयत्याचा दांडा बसवत होते. "बसा. पानी घ्या," म्हणाले. "तुमी सुमीच्या कंपनीतले ना? तुमचं नाव घ्यायची ती." मग हातातलं काम थांबवून विचारलं, "पोरीला का काडलं, काय कळलं नाय. तुमाला ठाव हाय का?"

मी म्हणालो, "काम कमी झालंय कंपनीत."

म्हणजे तिथंही खोटंच. त्यांनी मान हलवली. सुमन दारात आली होती, तिनं ते ऐकलं. मी निघालो तेव्हा बांधापर्यंत बरोबर आली.

"बरण्या आहेत?"

"नाहीत."

"माफी मागायला आला असाल तर मला नको. मुंबईच्या त्या दोघांना पत्र लिहा. अजून निम्मी पिंपं जायचीत ना?"

लिहितो म्हणालो. खरंच लिहीन, असं तेव्हा वाटत होतं. घरी येऊन कागद घेतला, वर तारीख घातली, आणि जेवायला उठलो.

सुमन पुढे एका शाळेत विज्ञान शिकवायला लागली. कर्जतच्या बाजारात दोन-तीनदा समोर आली. मला ओळखून पुढे गेली.

मी कायम झालो. पत्र लिहिलं नाही. पुढच्या हंगामात उरलेली पिंपं गेली. ट्रक निघताना कागदावर प्रयोगशाळेची सही लागते. ती मी केली.