बासष्ट पैशांची लक्षवेधी

गुरुपादप्पा आमदार झाले तेव्हा अहमदपूरच्या बाजारात अर्ध्या लोकांना ते खरंच वाटेना. परवापर्यंत दुकानात बसून गूळ जोखणारा हा वाणी विधानसभेत बोलणार? पण गेले आणि बोलले. बोलले ते तीनच विषयांवर: शेतसारा, गायरान आणि वीज. "ज्यातलं कळत न्हाई त्यात कशाला नाक खुपसू?" म्हणायचे. असं म्हणणारा दुसरा आमदार निदान त्या भागात तरी कुणाच्या ऐकिवात नाही.

पण त्या तीन विषयांसाठी माणूस काय धडपडायचा! तीन वर्षं मंत्रालयाचे जिने झिजवून त्यांनी कौठवाडीला, आपल्या जन्मगावाला, विजेचे खांब आणले. भुजंग नावाच्या शेतकऱ्याच्या विहिरीवर गावातली पहिली मोटार सुरू झाली, पाटात पाणी पडलं, तसे आमदारसाहेब धोतर वर धरून पाण्यात नाचले. बायको कमलम्मा बांधावरून ओरडत होती, "अवो, लोक बघायलेत!" त्यांना काय त्याचं!

मग ब्याऐंशी साल आलं. ऑगस्टात लातूर जिल्हा झाला, पेढे वाटले गेले, आणि त्याच वर्षी पावसाने दगा दिला. माघात नव्या जिल्ह्याचे साहेब आणेवारी ठरवायला कौठवाडीत यायचे होते. शंभर पैसे पिकायला हवं होतं, तर यंदा किती पैसे पिकलं, याचा तो अंदाज. पन्नासच्या आत आला की सारा माफ आणि गायरानात गुरांची छावणी. वर गेला की काही नाही. चारा संपत आलेल्या गावाला छावणी म्हणजे सगळंच होतं. साहेबांना वाळलेलं रान तेवढं दाखवायचं, की काम झालं.

पण एवढं साधं काम सरळ करतील तर ते कौठवाडीकर कसले! आपल्या जिल्ह्याचा पहिला साहेब, तोही हुरड्याच्या दिवसांत आलेला, आणि हुरडा न खाता जाणार? गावाची लाज जाईल! आता हुरडा भाजायला भरलेली कणसं लागतात. गावच्या बारा विहिरींपैकी अकरांनी तळ गाठला होता. कणसं होती फक्त भुजंगच्या रानात, त्या मोटारीच्या पाण्यावर. गुरुपादप्पांनी स्वतः साहेबांना तिथे नेलं. लसणाची चटणी, घट्ट दही, गरम हुरडा. वर स्वतःच मोटार चालू करून दाखवली. "बघा साहेब, माझी लाईट!" साहेब पोटभर जेवले, चारी बाजूंना डोक्याएवढी शाळू ज्वारी पाहिली आणि लिहिलं, बासष्ट पैसे. खाली साक्षीदार म्हणून आमदारांनी झोकात सही ठोकली. त्या कागदावर काय लिहिलंय ते वाचायची शुद्ध होती कुणाला!

आठ दिवसांनी आकडा फुटला. म्हातारे शेषेराव, ज्यांचा शाळू गुडघ्याएवढाही झाला नव्हता, ते दुकानात येऊन एवढंच म्हणाले, "अप्पा, पंधरा दिसांची वैरण हाय. मग बैल बाजाराला." गुरुपादप्पांना तोंड कुठे लपवावं कळेना. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

"जेवन टाकून बैलास्नी वैरण मिळती का?" कमलम्मा कडाडली. "तुमाला बोलायला धाडलंय नव्हं? जावा, बोला!"

अधिवेशन मुंबईत सुरूच होतं. त्यांनी लक्षवेधी सूचना दिली आणि गावाला निरोप धाडला, शाळू काढू नका, उभा ठेवा, फेरपाहणी आणतो. पण उभ्या शाळवावर पाखरं तुटून पडलेली, गाव किती दिवस थांबणार? रोज ते अध्यक्षांच्या दालनाबाहेर ताटकळायचे. आठव्या दिवशी नाव पुकारलं गेलं. ते उठले तसा शेजारच्या सदस्याने पाण्याचा पेला पुढे केला.

मंत्री हसतच उठले. "अध्यक्ष महाराज, उत्तम पिकाच्या या पंचनाम्यावर सन्माननीय सदस्यांचीच सही आहे!"

सभागृह खो खो हसलं. खाली बसावं आणि थेट गाडी धरावी, असं गुरुपादप्पांना क्षणभर वाटलं. पण शेषेरावांचे बैल डोळ्यांपुढून हलेनात.

"सही माझीच हाय, अध्यक्ष महाराज!" ते एवढ्या मोठ्याने म्हणाले, की हसू थांबलं. "गावात बारा विहिरी, पानी एकीत. मी लाईट आनली लाईट आनली म्हनून मिरवलो, ती चालती त्या एकाच विहिरीवर. साहेबाला मी तेवढीच दाखवली. अकरा लपवल्या. चूक माझी हाय, दंड जनावरांला नको. शाळू अजून उभा हाय. उद्या मानूस धाडा, परवा उशीर हुईल!"

मग विरोधी बाकावरून कुणीतरी बाक वाजवला, आणि बघता बघता दोन्हीकडचे बाक वाजू लागले! मंत्र्यांनी तिथल्या तिथे फेरपाहणी जाहीर केली. गुरुपादप्पा गावाला तार करायला तारऑफिसात धावत गेले, वहाण जिन्यातच राहिली.

दुसऱ्याच दिवशी साहेब पुन्हा हजर. या खेपेला चिठ्ठ्या टाकून रानं निवडली. शेषेरावांच्या तुकड्यातली ज्वारी मळून जोखली, तर एका शेरालाही कमी! म्हातारा मान खाली घालून उभा होता. आणि सगळा हिशोब लावून साहेबांनी आकडा सांगितला, एकतीस. अख्खं गाव ओरडलं! नापास झाल्याचा असा आनंद कौठवाडीने कधी केला नव्हता. हलगी कडाडली, भुजंग तर गडबडा लोळलाच.

चार दिवसांत गायरानात छावणी उभी राहिली. पहिली जोडी शेषेरावांची आली. गुरुपादप्पा खुंट्यांजवळच उभे होते. म्हाताऱ्याने बैल बांधले, वैरणीची पेंढी सोडली, आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "अप्पा, त्या मोठ्या सभेत समदी चूक एकट्याच्या नावावर का म्हून घेतली? आमी गाव न्हवतो व्हय तुमच्यासंगं?"

गुरुपादप्पांना रडू आवरलं नाही. बैल खाऊ लागले होते.