परग्रहकाकांचे हात

शाळेतली मुलं त्यांना परग्रहकाका म्हणत, आणि काकांना त्याचं वाईट वाटत नसे. उलट हजेरीपटावर हेच नाव चाललं असतं तर त्यांनी तेच लावलं असतं. हुद्दा म्हणाल तर प्रयोगशाळा सहायक. म्हणजे परीक्षानळ्या धुणं, सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांवरचे बोटांचे ठसे पुसणं आणि दर सोमवारी बरणीत वाळलेलं गवत भिजत घालणं. गुरुवार-शुक्रवारपर्यंत त्या पाण्याच्या एका थेंबात इवलेइवले जीव वळवळायला लागत. मुलांना दोन मिनिटांत त्याचा कंटाळा येई. काका मात्र तीस वर्षं तो थेंब पहिल्यांदाच बघितल्यासारखा बघत आले होते.

त्यांची सगळी मतं त्या बरणीतून निघाली होती. वाळक्या गवतात जीव झोपून राहतो, तर दगडात का नाही राहणार? अंतराळातून एखादा दगड आला असेल, त्यात झोपलेलं काहीतरी इथल्या पाण्यात जागं झालं असेल, झाला संसार सुरू. देवाचं काही कामच नाही. पुरावा म्हणून घरात कपाटभर विज्ञानकादंबऱ्या होत्या. कादंबरी हा पुरावा होत नाही, हे त्यांना कोणी सांगत नसे, कारण ऐकून घेणारी एकटी बायको होती आणि तिच्याकडे याहून चांगला मुद्दा होता.

ती घरी कपडे दुरुस्त करून द्यायची, आणि ओठांत टाचण्या धरूनही तिचं बोलणं अगदी स्पष्ट असे. रोज सकाळी डोळे मिटून, हात जोडून घटकाभर बसायची. काकांचा सिद्धान्त तिने पहिल्यांदा ऐकला तेव्हा शांतपणे विचारलं, "आणि तो दगड टाकला कोणी?"

कोणी नाही, आपोआप आला, असं काका म्हणाले.

"म्हणजे माझ्या देवाला तुम्ही हाकललं नाहीत. नुसतं पलीकडच्या गल्लीत राहायला पाठवलंत."

हा वाद पुढे तीस वर्षं चालला. शेजाऱ्यांना ते भांडण वाटे. त्या दोघांचा तो विरंगुळा होता. तिचं मागणं एकच असायचं, एकदा माझ्यासाठी हात जोडा. काकांनी तिच्या अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं केलं, रात्र रात्र तिच्या शिलाई मशीनचे पट्टे बदलले, पण हे केलं नाही. तुझ्याशी खोटं वागणार नाही, म्हणायचे.

मग तिच्या हृदयाची झडप खराब निघाली. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, की धोका वाटला होता त्यापेक्षा बराच जास्त आहे. काकांनी मान हलवली आणि तिला यातलं अक्षरही कळू दिलं नाही.

सकाळी ती झोपली होती. काका खाटेजवळच्या स्टुलावर बसले होते. तिच्या मनगटावरची नावाची पट्टी बघता बघता त्यांना भडभडून आलं, आणि त्यांनी हात जोडले. काय म्हणायचं ते ठाऊक नव्हतं. "कोणी असलास तर," एवढं जेमतेम पुटपुटले, तोच तिने डोळे उघडले.

तिला आनंद होईल असं त्यांना वाटलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"डॉक्टर काय म्हणाले?" ती म्हणाली. "तुम्ही हात जोडलेत म्हणजे माझं काही खरं नाही."

काकांना एकेक प्रसंग आठवला. मुलगी लहानपणी तापाने फणफणली होती तेव्हा, नोकरी जाता जाता राहिली तेव्हा, ही आधी देवापुढे बसायची आणि मग आपल्याकडे बघायची. नवरा कादंबरी वाचतोय, म्हणजे फार बिघडलेलं नाही, एवढ्यावर हिने सगळी संकटं काढली होती. बिचाऱ्याला ते आज कळलं.

तेव्हा तिच्याशी कधी खोटं न वागलेला तो माणूस धडधडीत खोटं बोलला. हात गार पडले होते, चोळत होतो, म्हणाला. पिशवीतून कादंबरी काढली आणि दगड नव्हे, धूमकेतूच असणार, असं तावातावाने सांगू लागला.

"मग धूमकेतू कोणी टाकला?" तिने शेवटी विचारलं. तिच्या गालांवर जरा रंग आला होता.

"तोही आपोआप."

"शोधून ठेवा उत्तर. मी आले की ऐकते." आणि तिला आत नेलं.

पाच तास काका बाहेर बाकावर बसले होते. मनात काय चाललं होतं ते त्यांनी कधीच कोणाला सांगितलं नाही. पण पुस्तक दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं, कारण दाराला काच होती आणि आतून कोणी बघून तिला सांगितलं असतं तर?

दुसऱ्या दिवशी घशातली नळी काढल्यावर तिने सर्वांत आधी त्यांच्या हातांकडे पाहिलं. एका हातात कादंबरी होती, पानात बोट घातलेली. दुसरा तिच्या पांघरुणावर होता.

"सापडलं?" तिने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"नाही अजून."

"राहू द्या," ती म्हणाली. "घरी जाऊन बोलू."