नजर चुकवणारी पाहुणी

कुलूपकाकूंच्या घरात माणसांपेक्षा कुलपं जास्त आहेत असं त्यांची सून म्हणायची, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. दाराला कुलूप, फडताळाला कुलूप, गच्चीच्या जिन्याला कुलूप, एवढंच काय, पाण्याच्या टाकीच्या झाकणालाही एक छोटंसं कुलूप. किल्ल्यांचा जुडगा कमरेला. काकू जिना चढू लागल्या की वरच्या पाहुण्यांना आधी किल्ल्या ऐकू यायच्या, मग काकू दिसायच्या.

कारण होतं त्याला. गाव देवाचं, फार जुनं. पण देवाच्या गावात येतात ती माणसंच. नवरा गेल्यावर काकूंनी वरच्या खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली, आणि पहिल्याच वर्षी एक गोडबोलं, सारखं हात जोडणारं जोडपं न्हाणीघरातल्या नळाची पितळी तोटी काढून घेऊन गेलं. पाणी जिन्यावरून खाली उतरलं तेव्हा घरात कळलं. तेव्हापासून काकू ताकही फुंकून पीत. येणाऱ्यांचे त्यांनी दोन वर्ग पाडले होते. देवाला येणारे आणि संग्रहालयं बघायला येणारे. देवाला येणाऱ्यांवर अर्धा विश्वास ठेवायचा, संग्रहालयवाल्यांवर पाव. मोडकी भांडी आणि नाक तुटलेल्या मूर्ती बघायला जो माणूस घरदार सोडून येतो, त्याच्या मनात दुसरं काहीतरी असणारच, असा त्यांचा हिशेब.

ही नवी पाहुणी दुसऱ्या वर्गातली. पन्नाशीची, एकटी, हातात एकच पिशवी. घड्याळं दुरुस्त करते म्हणाली. आल्यापासून देवळाची पायरी चढली नव्हती. रोज सकाळी चौकापलीकडच्या मोठ्या संग्रहालयात जायची, ती दुपार कलल्यावर परत.

"ती नजर देत नाही," काकू सुनेला म्हणाल्या. दोघी गच्चीवर चादरी पिळत होत्या. "बोलताना माझ्या कानाकडे बघते."

"तुमचं कानातलं आवडलं असेल, आई."

"तेच म्हणतेय मी. कानातलं सोन्याचं आहे."

सुनेनं चादरीचं दुसरं टोक तोंडाशी धरलं. हसू लपवायला चादर बरी पडते.

"हस तू. घड्याळं दुरुस्त करते म्हणते, आणि वेळ मला विचारते. दोनदा विचारली. मनगटावर घड्याळ बांधलंय, तरी. आणि जिना चढताना भिंतीवरून हात फिरवत जाते. कशाला? वायर कुठून गेलीय, खिळा कुठे सैल आहे, हेच बघायला ना?"

"आई, जिना अंधारा आहे. मीही हात फिरवत जाते."

"तू घरची आहेस," काकू म्हणाल्या, आणि क्षणभर सुनेकडेही जरा निरखून पाहिलं.

खरी धास्ती वेगळीच होती. त्याच आठवड्यात मोठ्या संग्रहालयातून दगडाचा एक चेहरा नाहीसा झाला होता. ओंजळीत मावेल एवढा, पण फार जुना. हवालदार गल्लीतल्या सगळ्या खोलीवाल्यांना सांगून गेले होते, कुणी पाहुणा वेगळा वाटला तर कळवा. गेल्या साली पलीकडच्या घरात खोटं नाव सांगून राहिलेला एक इसम सापडला होता आणि त्या घराचा खोल्यांचा परवाना गेला होता. त्या घराच्या वरच्या खिडक्या अजून बंद होत्या. काकू बाजारात जाताना त्या खिडक्यांकडे बघत नसत. मुलाचा पगार जेमतेम. परवाना गेला की खोल्या गेल्या, आणि खोल्या गेल्या की चूल गेली.

म्हणून पाहुणी बाहेर पडली की काकू तिची खोली झाडायला जरा जास्तच वेळ लावत. उशीखाली त्यांना एक जाड भिंग सापडलं. आणि खोलीच्या निळ्या दारावर, कडीच्या भोवती, पांढरी बोटं उमटलेली. काकूंनी बोट लावून वास घेतला. चुन्यासारखं, पण चुना नव्हे. पीठही नव्हे. दगडाची भुकटी असेल तर?

सुनेला त्या काही बोलल्या नाहीत. ओल्या फडक्यानं दार पुसलं, पदर खोचला आणि सरळ चौकीवर गेल्या.

"नजर चुकवते," त्यांनी हवालदारांना सांगितलं. "आणि हात पांढरे करून येते."

"पळून जाईल असं वाटतं?"

"पळणारा सांगून पळतो का, भाऊ?"

"बरं. चार वाजता येतो घरी. तोवर तिला काही बोलू नका."

काकूंनी मान डोलावली. पण चार वाजायला वेळ होता, आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही हा नियम त्यांनीच घालून घेतलेला. हवालदारांवर तरी का ठेवायचा? चौकीच्या पायऱ्या उतरून त्या घराकडे न वळता संग्रहालयाकडे वळल्या.

इतकी वर्षं त्या इमारतीवरून त्या भाजीची पिशवी घेऊन गेल्या होत्या, आत पाऊल ठेवलं नव्हतं. आत थंड होतं. हात नसलेले देव, डोकं नसलेल्या राण्या, काचेमागे कंगवे आणि मणी. काकूंनी मण्यांकडे बघितलं नाही, कपाटाच्या कुलपाकडे बघितलं आणि चुकचुकल्या. केसाच्या पिनेनं उघडेल असलं कुलूप. चोरी न झाली तरच नवल.

एका दालनातून दुसऱ्यात जाताना मात्र त्यांची चाल हळू झाली. एका कोपऱ्यात दगडाची एक बाई दाराला टेकून उभी होती, मान किंचित वळवून, कुणी येतंय का बघावं तशी. काकूही तिच्यासमोर जरा थांबल्या. ही ओळखीची वाटली. मग आपण कशासाठी आलोय ते आठवून पुढे सरकल्या.

शेवटच्या लहान खोलीत पाहुणी होती. पाठ दाराकडे. समोर एक पांढराशुभ्र चेहरा, आणि तिचे दोन्ही हात त्या चेहऱ्यावर. अंगठे भुवयांवरून फिरत होते, मग नाकावरून, मग ओठांच्या कडेला येऊन थांबत होते. घाई नव्हती. चोर इतका सावकाश असतो का, असा विचार काकूंच्या मनात आला, पण तोवर त्यांनी तिचं मनगट धरलंही होतं.

"धरली," त्या म्हणाल्या.

पाहुणी दचकली नाही. "काकू? किल्ल्या वाजल्या तेव्हाच वाटलं."

कोपऱ्यातल्या स्टुलावरचा पहारेकरी उठला. "ओ बाई, हात सोडा त्यांचा. हात लावायचीच खोली आहे ही."

भिंतीवर पाटी होती, 'कृपया हात लावा.' काकूंनी ती दोनदा वाचली. 'लावू नका' खरवडून कुणी 'लावा' केलंय का, तेही जवळ जाऊन बघितलं. तिथे रंग गुळगुळीत होता.

"मूळ मूर्तींच्या प्रतिकृती आहेत या, प्लास्टरच्या," पहारेकरी म्हणाला. "दिसत नाही त्यांच्यासाठी. या बाई रोज येतात. मीच दार उघडून देतो."

काकूंनी मनगट सोडलं. त्यांच्या बोटांना पांढरं लागलं होतं.

"तुम्हाला दिसत नाही?"

"कडेचं दिसतं. मधलं गेलं," पाहुणी म्हणाली. ती आताही काकूंच्या कानाकडेच बघत होती. "समोर बघितलं की तोंडाच्या जागी डाग दिसतो. जरा बाजूला बघितलं की माणूस दिसतो, थोडा. सगळा जन्म बारीक चाकं बघण्यात गेला. मोठं काही बघायचं राहूनच गेलं, म्हणून आले. तर आता हातानं बघतेय."

"मग हे आल्या दिवशीच का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर खोली दिली असती?"

काकूंना खोटं बोलता आलं असतं. आपला अंधारा जिना त्यांच्या डोळ्यांपुढे आला, त्याची झिजलेली मधली पायरी आली, आणि वरून कोसळणारी एक परकी बाई आली.

"नसती," त्या म्हणाल्या.

"तीन घरांनी नाही दिली. मग शहाणी झाले."

दोघी बरोबरच परत निघाल्या. चौकात पाहुणीनं विचारलं, "किती वाजले, काकू?" काकूंनी मनोऱ्यावरच्या घड्याळाकडे बघितलं. चार वाजायला आले होते.

हवालदार दारातच उभे होते. शेजाऱ्यांच्या दोन खिडक्या उघड्या. सून उंबऱ्यावर, चेहरा उतरलेला.

"हीच का?" हवालदार म्हणाले.

पाहुणी थांबली. तिला सगळं कळलं, हे काकूंना तिच्या उभं राहण्यावरून कळलं.

बंद खिडक्यांचं ते घर दोन दारं टाकून पलीकडे होतं. आंधळ्या बाईला एकटीला ठेवलं, हेही उद्या कुणीतरी परवान्यावर आणेल. हीच संधी होती. 'हो' म्हटलं की हवालदार तिला चौकीवर नेतील, चौकशीत डोळ्यांचं कळेल, ती सुटेल, आणि पिशवी घेऊन चौथं घर शोधेल. काकूंना काहीच करावं लागलं नसतं.

"बाई, इकडे बघा," हवालदार पाहुणीला म्हणाले. "माझ्याकडे बघा म्हटलं. नजर का चुकवता?"

"चुकवत नाहीये ती," काकू म्हणाल्या. "तुमच्याकडेच बघतेय. तिची बघायची जागा जरा बाजूला आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे डोळे अधू आहेत. हाताला लागतं ते संग्रहालयातलं प्लास्टर. तिथल्या पहारेकऱ्याला विचारा. सकाळी मी जे सांगितलं ते चुकीचं होतं."

"तुम्हाला माहीत होतं, डोळ्यांचं?"

"माझ्या घरात कोण राहतं ते मला माहीत नसेल तर कुणाला असणार?" काकू म्हणाल्या. ते धडधडीत खोटं होतं, आणि हवालदारांना ते बहुधा कळलंही. त्यांनी पाहुणीच्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, पहारेकऱ्याला विचारतो म्हणाले, आणि निघून गेले. खिडक्या एकेक करून लागल्या.

पाहुणी जिन्याशी गेली. पहिल्या पायरीवर थांबून, मागे न वळता म्हणाली, "सकाळी काय सांगितलं होतंत?"

"नजर चुकवता, असं."

"हं," ती म्हणाली. "सगळे असंच म्हणतात." आणि भिंतीला हात लावून वर गेली. मधल्या पायरीवर तिचा पाय अडला नाही. ती वर पोचेपर्यंत काकू खाली उभ्या होत्या.

तो दगडी चेहरा काही सापडला नाही. पहारेकऱ्यानं सगळं खरं सांगितलं, म्हणून काकूंचा परवाना राहिला. त्या पहारेकऱ्याबद्दल मात्र काकूंचं मत फारसं चांगलं नव्हतं. इतका गोड माणूस, आणि किल्ल्या त्याच्याकडेच.

"आई, पुरे आता," सून म्हणाली. "निदान या बाईंवर तरी बसला ना विश्वास?"

"अजून रविवारपर्यंत राहायचीय ती," काकू म्हणाल्या.

पण पाहुणी चहाला खाली आली तेव्हा कप पुढे करताना काकू तिच्या समोर उभ्या राहिल्या नाहीत. जरा बाजूला सरकल्या, तिच्या उजव्या खांद्याशी, आणि तिथूनच म्हणाल्या, "साखर कमी आहे का बघा."

पाहुणीनं मान किंचित फिरवली, थोडं थांबली, आणि म्हणाली, "तुम्ही वाटला होतात त्यापेक्षा लहान आहात."