पंचवीस अंशांचं पाणी

डायलवर आकडा आला एकशे बावन्न. हवा होता ऐंशी ते शंभर. मी रिपोर्टवर लाल शाईने ‘नापास’ लिहिलं आणि ठेकेदाराचं डांबर अडकलं. मे महिना होता, रस्ता पावसाआधी व्हायचा होता.

पाथरी रस्त्यावरच्या आमच्या बांधकाम खात्याच्या ऑफिसात मी लॅब असिस्टंट होतो. चाचणी सोपी. डांबराच्या डबीवर वजन लावलेली सुई पाच सेकंद सोडायची. ती किती आत जाते त्यावरून डांबर घट्ट की पातळ ते कळतं. मात्र डबी आधी दीड तास पंचवीस अंशांच्या पाण्यात ठेवायची, कारण डांबर उष्णतेने लगेच मऊ पडतं.

विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती. माझं वाघमारे आडनाव ऐकलं की भाड्याची खोली नेमकी कालच दुसऱ्याला दिलेली असायची. म्हणून मी लॅबमध्येच खाट टाकली होती. डबा एकट्याने खायचो. रविवारी बोलायला कुणी नसायचं, मग जुनी रीडिंग मोठ्याने वाचायचो. फार एकटं वाटायचं. माल नापास केला त्या दिवशी मात्र, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. सगळे माझ्याकडे आले, निदान भांडायला तरी.

डेप्युटी इंजिनिअर साहेबांनी एवढंच विचारलं, “पाणी किती अंशांवर होतं?”

“पंचवीस, सर. लिहिलंय.”

लिहिलं होतं, बघितलं नव्हतं. हिवाळ्यात नळाचं पाणी तेवढंच असायचं. सवयीने हात पंचवीस लिहीत गेला. दुपारी थर्मामीटर बुडवला तर पाणी तीस अंशांवर. पाच अंशांत चांगलं डांबरही नापास होतं. कबूल करावं, तर ‘ही माणसं अशीच भरती होतात’ हे वाक्य तयारच होतं. गप्प बसावं, तर चांगला माल परत जाणार आणि रस्ता राहणार.

गार पाणी ऑफिसात एकाच ठिकाणी, व्हरांड्यातल्या माठात. शिपाई निवृत्तीमामा मला ते वरून ओंजळीत ओतायचे. माणूस मायेचा, पण धार वरूनच. म्हणून मी ते मागणंच सोडलं होतं.

सकाळी बादली आणि तांब्या घेऊन माठाशी गेलो.

“थांबा सायब, मी वतून देतो,” मामा म्हणाले.

“बादलीभर लागतंय, मामा. ओंजळीत मावत न्हाई.”

मी झाकण काढून तांब्या माठात बुडवला. मामांनी पुढे केलेला हात मागे घेतला. व्हरांड्यातले बाकीचे वळून बघू लागले.

पाणी चोवीस निघालं. थोडं नळाचं घालून पंचवीस केलं. दीड तासाने सुई सोडली. एक्क्याण्णव.

नव्या रिपोर्टात लिहिलं, आधीची चाचणी चुकीच्या तापमानावर झाली, चूक माझी. साहेबांनी मेमो दिला. ‘ही माणसं अशीच’ हे वाक्य मात्र ते बोलले नाहीत. डांबर साइटवर गेलं आणि रस्ता वेळेत झाला.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात नवा माठ आला. जुना मामांनी लॅबच्या दारात आणून ठेवला. “टेस्टिंगसाठी दिलाय,” म्हणाले, आणि वर बघितलं नाही.

तो माठ मला चार उन्हाळे पुरला. त्यातलं पाणी मी प्यायचोही, स्वतःच्या हाताने घेऊन, एकटाच.

या कामात शिकलो ते एवढंच: थर्मामीटर बघितल्याशिवाय पंचवीस लिहू नये.