दारं गावाकडं

त्यानं काठीच्या टोकानं पोतं वर केलं. दार नव्हतंच आमच्या शेडला, पोतंच टांगलेलं. आत मी आन् मही धाकटी बहीण भाकर खायलो होतो. पाटलाचा भाऊ होता त्यो. हासला. "पोरी दोन हायती की गं इथं!" पोतं सोडलं आन् पुढच्या शेडकडं गेला. तिथंबी तेच केलं.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आन् गावानं आमची वस्ती जाळली. मंग सरकारनं पत्र्याचे शेड दिले. दोन रांगा, दोन्हीची दारं गावच्या पाराकडं. आमचं शेड पुढच्या रांगेत, ऐन पाराच्या तोंडावर. पारावर दिवसभर माणसं बसायची. कोणती बाई एकटी हाय, कोणाचा नवरा गंगाखेडला उसाच्या कामाला गेला, समदं दिसायचं त्यायला. माय आमा दोघीच्या मदी निजायची. उशाला विळा.

शेड बघायला साहेब जीपनं आले. माय पुढं झाली. "साहेब, दारं फिरवा. आन् आतून कडी द्या. पोरी हायत्या मह्या."

साहेबानं पाटलाकडं बघितलं. पाटील म्हणला, "दारं गावाकडंच राहू द्या. कोण येतंय, कोण जातंय, गावाला कळाया पायजे."

साहेब मायला म्हणाले, "कडी कशाला, बाई? चोरीला जाण्यासारखं आहे काय तुमच्याकडं?"

अख्खा पार हासला. मायनं बहिणीला पदराखाली ओढलं. घर जळालं तवा मी एवढी भ्याले नव्हते. चोरायला काय हाय म्हणं! मुडद्या, ही पोर उभी हाय, दिसत न्हाई तुला?

जीप गेली. मी पहार उचलली. बानं महा हात धरला. "गप बस, बाई. परत जाळतील."

"जाळू द्या. उघड्यावर न्हाई राहायची मी."

खिळे उपसायला लागले. माय आली, मंग शेजारची काकू, मंग बायाच बाया. पत्र्यानं हात कापले, लय रगत आलं. पर दिवस मावळायच्या आत पुढच्या रांगेची दारं मागं नेली. आता दोन्ही रांगांची दारं समोरासमोर, मदी अंगण. एकीनं हाक मारली की समद्या दारात. बा बसून बघत होता. मंग उठला आन् त्यानंच फळ्या ठोकून दारं केली. कड्या आतून.

दुसऱ्या दिवशी पाटलाचा भाऊ आला. पत्र्याच्या भिंतीवर हात फिरवीत रांगेच्या या टोकापासून त्या टोकाला गेला. आमी आतून ऐकत होतो. मंग म्हणला, "गावाला पाठ दावता? बघून घेतो एकेकीला."

त्यो अजून हाय गावात. पारावर बसतो, आमच्याकडं बघतो. मला भ्याव वाटतं, खोटं कशाला बोलू? पर कडी महीच हाय. कोणासाठी काढायची ते मीच ठरवीन. आन् दार फोडून आलाच, तर मी कोपऱ्यात न्हाई सापडायची.