अण्णांचा गुण्या वहिनीकडं गेला

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा टाइप करून डिलीट केलं. आपल्याच वहिनीवर जळते हे कोण सांगतं? पण लिहिते, जल्दी, थांबले तर पुन्हा पुसून टाकीन.

माझी वहिनी दैवशाला, तीर्थपुरीची. लग्न होऊन परतूरला आली तेव्हा तिला खिळा सरळ ठोकता येत नव्हता. आता माझे अण्णा दिवसभर तिलाच हाका मारतात! अण्णांना पाट-चौरंग बनवायचा नाद. हात थरथरायला लागले अन् करवत सुटली. तर हिनं शिलाईच्या पैशातून टेबल सॉ, म्हणजे लाकूड कापायची मशीन, घ्यायची ठरवली.

जालन्याच्या दुकानात मीपण गेल्ते. नवलकिशोर शेठ मोठ्या मोटरची मशीन दाखवून राह्यले होते. वहिनीनं पिशवीतून अण्णांचा पितळी गुण्या काढला, काटकोन बघायचा. पातं बराबर उभं आहे का बघितलं. लाकूड सरळ सरकायला बाजूला पट्टी असते ना, ती आवळून पात्यापासून पुढून मोजली, मागून मोजली. हलवली तर सरकली. अशात लाकूड अडकून अंगावर येतं म्हणे.

शेठ म्हणले, "बाई, मशीन घेताय का सून बघायला आल्या?"

"सून तरी ॲडजस्ट करते शेठ, ही पट्टी करत न्हाई."

छोटी, स्वस्तातली घेतली, पण पट्टी पक्की. अण्णा इतके खूश, तिला चौरंग करायला शिकवलं अन् गुण्यापण तिलाच देऊन टाकला. मला लहानपणी हात लावू देत नव्हते तो!

मंग खंडेनवमी आली. हत्यारांची पूजा, त्या दिवशी हत्यार चालवायचं न्हाई. वहिनीनं मशीनला कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, प्लग काढला. सगळे जेवायला बसले अन् मी पडवीत. एक फळी कापून अण्णांपुढं ठेवायची, बस. हार ओढला, प्लग लावला, बटण दाबलं. हाराचा तुकडा पात्याच्या बुडाशी अडकून राह्यलेला, दिसलाच न्हाई. पाकळ्या पार भिंतीवर, दोरा गुंडाळत चालला, मी येडी तो धरायला हात पुढं केला...

"हात मागं!" वहिनीनं धावत येऊन प्लग उपटला.

अण्णा आले. "आज कुणी चालवली?"

वहिनी सासऱ्यांना मामा म्हणते. पक्कडीनं दोरा काढत म्हणली, "मामा, ताईंनी झेंडूचं पीठ पाडलंय. भाकरी थापू का?"

मला रडूच फुटलं. "तुम्ही मला कधी शिकवलंच न्हाई अण्णा!"

"तू कधी म्हणली?"

"वहिनी तरी कुठं म्हणली?"

"तिनं सरळ मशीनच आणली की गं."

दसऱ्याला सकाळी वहिनीनं माझे केस करकचून बांधले, ओढणी खुंटीला टांगली, लाकूड ढकलायची काठी हातात दिली. गुण्या न्हाई दिला. "आधी धा फळ्या सरळ कापा ताई, मंग बोलू."

चार कापल्यात. दोन वाकड्या, पट्टी आवळायचीच विसरले. अण्णा बाजूला खुर्ची टाकून बसलेले, माझ्याकडं बघून राह्यले होते. माझ्याकडं!

तरी जळतेच मी. परतूरला कुणी आलात तर दैवशाला वहिनीला भेटा, तिचे चौरंग बघा. पण जल्दी या. उरलेल्या आठ फळ्या सरळ झाल्या की गुण्या माझ्याकडं असेल, अन् मंग मी तुम्हाला तिच्यापर्यंत जाऊच देणार न्हाई.